उपग्रह पाठ करायचा की समजून घ्यायचा?



आपल्या बहुतेक शाळांत परिपाठाला सामान्य ज्ञानाचे प्रश्न होतात. त्यात अधूनमधून अवकाशावरचा एखादा प्रश्न असतोच. भारताचा पहिला उपग्रह कोणता? आर्यभट्ट. कधी सोडला? १९ एप्रिल १९७५. जगातला पहिला व्यावसायिक भूस्थिर दळणवळण उपग्रह कोणता? अर्ली बर्ड, म्हणजेच इंटेलसॅट १. कधी सोडला? ६ एप्रिल १९६५. मुलं धडाधड उत्तरं देतात, टाळ्या होतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

ही उत्तरं पाठ असण्यात वाईट काहीच नाही. पण आपण तिथेच थांबतो आणि त्यात मुलांचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. उपग्रहाच्या माहितीत उंची, वजन, वीज, आयुष्य असे जे आकडे असतात, ते कोणीतरी हिशेब करून ठरवलेले असतात. एक गोष्ट मिळवायला दुसरी सोडलेली असते. मुलांना शिकवायचा तो हा हिशेब. नाव आणि तारीख त्याच्या मागोमाग आपोआप येते.

हे मी का म्हणतेय? मागे पाचवीच्या वर्गात उपग्रहांचे उपयोग शिकवत होते. दळणवळण, हवामान, दूरदर्शन वगैरे फळ्यावर लिहून झालं. तेवढ्यात डोंगरापलीकडच्या वाडीतून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, एवढे उपग्रह वर आहेत, मग आमच्या वाडीत रेंज का नाही?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा आहे का, तुम्हीच सांगा. लॉकडाऊनमध्ये अभ्यासाचे व्हिडिओ बघायला टेकडीवर जाऊन बसलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली किंवा ऐकली आहेत. त्या मुलीसाठी हा प्रश्न सामान्य ज्ञानाचा नाही, तिच्या शिक्षणाचा आहे. आणि 'उपग्रहांचे पाच उपयोग लिहा' या उत्तरात त्याचं उत्तर कुठेच नाही. ते उत्तर उपग्रहाच्या आकड्यांत आहे. म्हणून आज आपण अर्ली बर्डचेच आकडे घेऊ या. तो साधा आहे, छोटा आहे आणि त्याचा हिशेब पाचवीच्या मुलालाही कळतो.

३५,७८६ किलोमीटर कुठून आले?

भूस्थिर उपग्रहाची उंची विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर. पुस्तकात आपण 'सुमारे ३६,०००' असं लिहितो. पण ३० हजार का नाही? ५० हजार का नाही?

मुलांना दोन गोष्टी सांगा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर आहे आणि सुमारे दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे आणि त्याला एका फेरीला २७ दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे जवळचा भरभर फिरतो आणि लांबचा सावकाश. मग विचारा, "दीड तास आणि २७ दिवस यांच्या मधे कुठेतरी अशी एक जागा असेल का, जिथे एका फेरीला बरोबर एक दिवस लागेल?" मुलं स्वतःहून "हो" म्हणतात. तीच ही जागा. तिथला उपग्रह विषुववृत्तावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असेल, तर खालची पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते आणि आपल्याला तो आकाशात एका जागी थांबल्यासारखा दिसतो.

थांबल्यासारखा म्हटलं, थांबलेला नाही बरं का! पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर तो सुमारे ४२,००० किलोमीटरवर असतो. वर्तुळाचा परीघ काढा. साधारण २,६५,००० किलोमीटर येतो. त्याला २४ ने भागा. तासाला ११,००० किलोमीटर! थांबलेला दिसणारा उपग्रह प्रत्यक्षात एवढा धावत असतो. परिघाचं सूत्र शिकलेल्या कोणत्याही वर्गाला हे गणित देता येतं.

ही जागा हवीच कशाला होती? त्याआधी १९६२ मध्ये टेलस्टार नावाचा उपग्रह सोडला होता. तो खालच्या कक्षेत सुमारे अडीच तासांत एक फेरी मारायचा. अमेरिका आणि युरोप या दोघांना तो एकाच वेळी दिसायचा तो एका फेरीत जेमतेम वीसेक मिनिटं. फोनवर बोलता बोलता उपग्रह क्षितिजाखाली गेला तर काय करायचं? आणि जमिनीवरच्या भल्यामोठ्या अँटेनाला त्याच्या मागे मागे वळत राहावं लागायचं. एका जागी दिसणारा उपग्रह मिळाला की ही कटकट संपते. ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्येच एका लेखात मांडली होती. असे तीन उपग्रह समान अंतरावर ठेवले, तर ध्रुवांजवळचा भाग सोडून जवळपास सगळी पृथ्वी त्यांच्या नजरेत येते. पुढे वीस वर्षांनी अर्ली बर्ड अटलांटिक महासागरावर, २८ अंश पश्चिम रेखांशाजवळ जाऊन उभा राहिला. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला युरोप. भारत मात्र त्याच्या नजरेच्या पलीकडे होता. का, ते पृथ्वीगोलावर मुलांनाच शोधू द्या.

चाळीस किलोचा उपग्रह, सव्वीस मीटरची छत्री

अर्ली बर्ड अमेरिकेतल्या ह्यूज कंपनीने बनवला. व्यास सुमारे ७२ सेंटिमीटर, उंची सुमारे ६० सेंटिमीटर. आकार ड्रमसारखा. कक्षेत पोचल्यावरचं वजन चाळीस किलोच्या आत, म्हणजे आपल्या आठवीतल्या एखाद्या मुलाएवढं. अंगावर सगळीकडून सुमारे ६,००० सौर घट चिकटवलेले. आणि पृथ्वीकडे संदेश पाठवायची ताकद किती? फक्त ६ वॉट. घरातला एलईडीचा नेहमीचा बल्बसुद्धा बहुधा याहून जास्त वॉटचा असतो.

एवढा छोटा का? कारण त्या वेळच्या रॉकेटला तेवढ्या उंचीवर एवढंच वजन नेता येत होतं. वजन कमी म्हणून सौर घट कमी, घट कमी म्हणून वीज कमी, वीज कमी म्हणून आवाज बारीक. एका आकड्याने दुसरा आकडा ठरतो तो असा.

त्यात आणखी एक अडचण होती. उपग्रह अवकाशात वेडावाकडा होऊ नये म्हणून त्याला भोवऱ्यासारखं फिरत ठेवलेलं होतं. फिरणारा भोवरा पडत नाही, हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. पण फिरणाऱ्या उपग्रहाची अँटेना एका दिशेला रोखून कशी ठेवणार? म्हणून त्याचा संदेश कंदिलाच्या उजेडासारखा चहूबाजूंना पसरायचा. तेवढ्या उंचीवरून पृथ्वी ३६० अंशांपैकी फक्त १७ अंशांत दिसते. बाकीचा सगळा संदेश रिकाम्या अवकाशात वाया. आधीच ६ वॉट, त्यातलाही मोठा वाटा फुकट!

मग हा बारीक आवाज ऐकायचा कसा? जमिनीवरचा कान मोठा करून. इंग्लंडमधल्या गूनहिली इथल्या अँटेनाचा व्यास सुमारे २६ मीटर होता आणि वजन हजार टनांहून जास्त. म्हणजे वर चाळीस किलो आणि खाली हजार टन. वरचा भार हलका केला, तो खाली वाढला.

आता आपल्या घराच्या छपरावरची छत्री बघा. व्यास साधारण ६० सेंटिमीटर. २६ मीटरच्या अँटेनाचं क्षेत्रफळ तिच्यापेक्षा जवळजवळ १,९०० पट भरतं. मग एवढ्याशा छत्रीला चित्र दिसतं कसं? कारण वरचा उपग्रह मोठा झाला. डीडी फ्री डिशचे चॅनेल ज्यावरून येतात तो जीसॅट-१५ उड्डाणाच्या वेळी ३,१६४ किलोचा होता आणि त्याच्या पंखांसारख्या सौर पट्ट्या हजारो वॉट वीज बनवतात. त्याच्या अँटेना भारताकडेच रोखलेल्या असतात. आता जास्तीचा भार वरच्याने उचलला, म्हणून खालचं काम स्वस्त झालं. घरोघरी २६ मीटरची छत्री कोण लावणार?

यातली एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राला अगदी जवळची आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे १९७१ मध्ये भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ओळखलं जातं. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाशी तिथून संपर्क व्हायचा आणि तिथली अँटेनाही अशीच अवाढव्य, सुमारे ३० मीटरची होती. जुन्नर-आंबेगावकडच्या शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात नक्की सांगावी. जगाच्या बातमीतला विषय तालुक्यात आला की मुलं कान टवकारतात.

२४० फोन की एक टीव्ही?

अर्ली बर्डची क्षमता होती २४० टेलिफोन संभाषणं किंवा एक टीव्ही वाहिनी. इथे 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. समुद्रापलीकडचा एखादा कार्यक्रम थेट दाखवायचा तर फोनची जागा द्यावी लागायची. चित्र पाठवायला आवाजापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आजही मोबाइलचा डेटा गाण्याने कमी आणि व्हिडिओने जास्त संपतो, हे मुलांना पाठच आहे! कारण तेच.

आणि २४० म्हणजे थोडे वाटतात ना? अटलांटिकच्या तळाशी १९५६ मध्ये टाकलेल्या पहिल्या टेलिफोन केबलवर सुरुवातीला फक्त ३६ संभाषणं चालायची. त्या मानाने एका छोट्या ड्रमने केवढी उडी मारली बघा.

इथे 'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थही मुलांना उलगडून सांगता येतो. आधीचे सिनकॉम उपग्रह नासाने प्रयोग म्हणून सोडले होते. अर्ली बर्ड कॉमसॅट या कंपनीने इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय गटासाठी चालवला. जून १९६५ अखेर त्याची सेवा सुरू झाली आणि फोन-टीव्हीसाठी पैसे आकारले जाऊ लागले. म्हणजे वरची जागा विकायला निघाली. जागा मोजकी, गिऱ्हाईकं जास्त. मग कोणाला द्यायची, कोणत्या भावाने द्यायची? आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणाऱ्या मुलाला हा प्रश्न आपल्यापेक्षा लवकर कळेल.

आणखी एक छोटी गोष्ट. त्याच्याकडे संदेश जायचा ६ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेवर आणि खाली यायचा ४ गिगाहर्ट्झच्या आसपास. दोन्ही वेगवेगळ्या का? स्वतः ओरडत असताना समोरच्याची कुजबुज ऐकू येत नाही म्हणून. खालून आलेला संदेश अगदी क्षीण असतो. तो त्याच वारंवारतेवर परत पाठवला तर उपग्रहाचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानात घुमेल. आपल्या छत्रीचे चॅनेल त्याहून वरच्या, ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेवर येतात. वारंवारता वाढली की छत्री छोटी चालते, पण पावसाचे थेंब अशा लहरी जास्त अडवतात. म्हणून धो धो पाऊस आला की टीव्हीवर 'सिग्नल नाही' असं येतं. छोट्या छत्रीची किंमत आपण पावसाळ्यात मोजतो.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला ३,००,००० किलोमीटर जातात. उपग्रहापर्यंत ३६,००० आणि परत खाली ३६,००० मिळून ७२,००० किलोमीटर. भागाकार करा. ०.२४ सेकंद. मी इथून "कशी आहेस?" म्हटलं की ते तिला पाव सेकंदाने ऐकू जाणार आणि तिचं "बरी आहे" मला यायला आणखी पाव सेकंद. म्हणजे अर्धा सेकंद शांतता. तेवढ्यात मला वाटतं तिला ऐकूच गेलं नाही, मी पुन्हा बोलते आणि दोघींचं बोलणं एकमेकींवर आदळतं. अर्ली बर्ड येण्याआधी हीच चिंता होती की लोक असा फोन स्वीकारतील का.

हा अर्धा सेकंद कोणत्याही यंत्राने कमी होत नाही, कारण तो अंतराचा आहे. एका जागी उभा दिसणारा उपग्रह हवा तर ३६,००० किलोमीटर लांब जावं लागतं आणि लांब गेलं की उशीर सोसावा लागतो. टीव्हीला याने काही फरक पडत नाही, कारण टीव्हीशी आपण गप्पा मारत नाही. बोलण्याला मात्र पडतो.

दीड वर्षाचा उपग्रह

अर्ली बर्डचं आयुष्य दीड वर्ष धरलं होतं. तो साडेतीन वर्षांहून जास्त चालला. जानेवारी १९६९ मध्ये त्याला विश्रांती दिली. पण त्याच वर्षी अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेच्या वेळी अटलांटिकवरच्या नव्या इंटेलसॅट उपग्रहात बिघाड झाला आणि या म्हाताऱ्याला पुन्हा कामाला जुंपलं. पुढे १९९० मध्ये पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त तो थोडा वेळ पुन्हा चालू करून पाहिला. बंद अवस्थेत तो आजही वर फिरतोय.

उपग्रहाला आयुष्य का असतं, हाही प्रश्न मुलांना विचारा. बरीच मुलं म्हणतात, "बॅटरी संपते." सौर घट तर वर्षानुवर्षं वीज देतात. मग संपतं काय? चंद्र आणि सूर्य उपग्रहाला थोडं थोडं ओढत असतात, त्यामुळे तो जागेवरून सरकतो. त्याला परत जागेवर आणायला छोट्या झोतांसाठी इंधन लागतं. वर पेट्रोल पंप नाही. जाताना नेलेलं इंधन संपलं की उपग्रह धडधाकट असूनही निवृत्त. जास्त इंधन न्यावं तर वजन वाढतं, वजन वाढलं की उड्डाणाचा खर्च वाढतो. पुन्हा हिशेब आलाच.

आता वाडीतल्या रेंजबद्दल

एवढे आकडे हातात आल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतः शोधू शकतात. सरळ सांगून टाकू नका, एकेक पायरी विचारा.

आपला मोबाइल उपग्रहाशी बोलतो का? नाही, तो टॉवरशी बोलतो. टॉवर काही किलोमीटरवर असतो आणि भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. खिशातल्या फोनची ताकद किती आणि अँटेना केवढी? अर्ली बर्डचा आवाज ऐकायला २६ मीटरची अँटेना लागली होती, हे आठवलं की हातातला फोन थेट ३६,००० किलोमीटरवर का बोलू शकत नाही ते कळतं.

मग इंटरनेट उपग्रहावरून येतं का? बहुतेक मुलांना आणि खरं सांगायचं तर बहुतेक मोठ्यांनाही तसंच वाटतं. पण देशाबाहेरून येणारी जवळजवळ सगळी माहिती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून येते. अशा कितीतरी केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. तिथून जमिनीखालच्या तारांनी टॉवरपर्यंत आणि टॉवरपासून फोनपर्यंत. उपग्रह उपयोगी पडतो तो एकाच वेळी लाखो घरांना एकच चित्र द्यायला, जहाजांना, विमानांना आणि जिथे तार पोचत नाही अशा जागांना. अलीकडे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या हजारो छोट्या उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. अंतर कमी म्हणून उशीर कमी. पण ते एका जागी थांबत नाहीत म्हणून हजारो लागतात, आणि त्या इंटरनेटसाठी घरावर वेगळी अँटेना बसवावी लागते. म्हणजे इथेही फुकट काही नाही.

आता शेवटची पायरी. वाडीत टॉवर का नाही? टॉवर उभा करायला आणि चालवायला खर्च येतो. जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे कंपनी आधी जाते. डोंगरामागच्या तीस-चाळीस घरांचा हिशेब तिला परवडत नाही. म्हणूनच अशा भागांसाठी सरकारने दूरसंचार कंपन्यांकडून वेगळी रक्कम घेऊन निधी उभारला आहे. त्याला आधी सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. रेंज नसणं हा आकाशाचा दोष नाही, तो जमिनीवरच्या निर्णयाचा भाग आहे आणि तो निर्णय बदलता येतो, मागता येतो, ग्रामसभेत मांडता येतो. पाचवीच्या मुलीला हे कळलं तर माझ्या मते ते परिपाठातल्या पंचवीस उत्तरांपेक्षा मोलाचं आहे.

"पण मॅडम, परीक्षेत तारीखच विचारतात!"

हा आक्षेप मला माहीत आहे. शिष्यवृत्ती, नवोदय, प्रज्ञाशोध, सगळीकडे पालकांना गुण हवे असतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही. माझं म्हणणं एवढंच की कारण कळलेला आकडा विसरत नाही. नुसता '३५,७८६' आठवड्यात जातो. 'दीड तास आणि २७ दिवसांच्या मधली एका दिवसाची जागा' असं कळलं की 'सुमारे ३६,०००' डोक्यात राहतो. आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला तर पाठ केलेलं मूल अडतं, समजलेलं अडत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे. "आम्ही डी.एड. करणारे, बारावी कला शाखेची. हे इंजिनिअरचं काम." मीही कला शाखेचीच आहे. वर जी गणितं दिली त्यात भागाकार, परीघ आणि क्षेत्रफळ याच्या पलीकडे काही आहे का? नाही. अवघड सूत्र लागेल तिथे 'हे पुढच्या वर्गात शिकाल' म्हणायला काय हरकत आहे?

एका तासिकेत करता येईल असं

१. शाळेतला २० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्या मापाने अवकाश स्थानक गोलापासून फक्त ६ मिलिमीटरवर येतं, भूस्थिर उपग्रह ५६ सेंटिमीटरवर आणि चंद्र सुमारे ६ मीटरवर, म्हणजे बहुधा वर्गाच्या दाराबाहेर. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मग मोजपट्टीने दाखवा. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

२. एका मुलाला 'पृथ्वी' म्हणून जागेवर गोल फिरायला सांगा. दुसऱ्याने त्याच्या नाकासमोर राहत त्याच्याभोवती फिरायचं. बाहेरच्याला किती जोरात पळावं लागतं ते दोघांनाही कळतं.

३. मुलांना गावातल्या दहा छत्र्यांची दिशा होकायंत्राने किंवा सूर्यावरून बघून वहीत लिहायला सांगा. एकही छत्री उत्तरेकडे सापडणार नाही, कारण हे उपग्रह विषुववृत्तावर आहेत आणि विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे. डीडी फ्री डिशची छत्री पुण्याकडे आग्नेयेला तोंड करून असते, कारण जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्यापेक्षा पूर्वेला आहे. दिशा, अक्षांश-रेखांश आणि विषुववृत्त, भूगोलाचे तीन घटक एका छपरावर शिकवून होतात.

४. शेवटी मुलांनाच एक उपग्रह 'ठरवायला' द्या. वजन अमुक एवढंच. आता इंधन जास्त न्यायचं की सौर घट जास्त? फोन जास्त की टीव्ही? गटात भांडू द्या. बरोबर उत्तर एकच नाही. कारण सांगता आलं की गुण द्या.

पालकांसाठी दोन शब्द

मूल घरी आल्यावर "आज काय पाठ केलं?" याऐवजी एखाद दिवशी "आज काय विचारलंस?" असं विचारून बघा. पावसात टीव्ही बंद पडला की वैतागण्याआधी पोराला विचारा, "का बंद पडला असेल रे?" छत्री बसवायला माणूस आला तर मुलाला त्याच्याबरोबर गच्चीवर जाऊ द्या. तो छत्री जराशी इकडे-तिकडे करतो आणि चित्र येतं-जातं, ते बघून जे कळेल ते कुठल्याही गाईडमध्ये नाही. उत्तर तुम्हाला आलंच पाहिजे असं नाही. "मलाही माहीत नाही, उद्या बाईंना विचार" असं म्हटलंत तरी चालेल. दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात प्रश्न घेऊन येईल आणि आम्हाला नेमकं तेच हवं असतं.

शिक्षक मित्रांनो, येत्या परिपाठात अर्ली बर्डची तारीख विचारलीत तर जरूर विचारा. त्याच्याच पुढे एक प्रश्न जोडा, "त्याची छत्री एवढी मोठी का होती?" दोन मिनिटं शांतता होईल. होऊ द्या. कोणीतरी हात वर करेलच.